हात म्हणाला ये, शिट्टी म्हणाली थांब

१

काडी मेला तेव्हा त्याच्या दातांत शिट्टी होती. आणि त्या आवारात शिट्टी वाजवायला बंदी होती.

काडी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण माणूस इतका बारीक की बांधकामावर सगळे त्याला काडीच म्हणायचे, आणि तोही ओ द्यायचा. माल घेऊन येणाऱ्या गाड्यांना हाताने इशारे करून मागे घ्यायचं, हे त्याचं काम. त्या दिवशी सिमेंटच्या गोण्यांचा ट्रक मागे येत होता. ट्रक आणि सिमेंटच्या ठोकळ्यांची थप्पी यांच्यामध्ये काडी सापडला. भिंतीपलीकडे इस्पितळ आहे. तिथल्या रोग्यांना त्रास होतो म्हणून शिट्ट्या बंद करून नुसत्या हातांनी काम चालवा, असा हुकूम निघाला होता. इस्पितळ इतकं जवळ असून काडीला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

मी विमा कंपनीची तपासनीस. लोकांना वाटतं, आम्ही सत्य शोधतो. खरं सांगायचं तर आमच्याकडे प्रकरण येतं तेव्हा निकाल बहुधा लागलेला असतो. मी जाऊन त्याला फक्त बूट-मोजे घालून आणायचे. सरकारी सुरक्षा निरीक्षकांनी प्राथमिक अहवालात एका ओळीत निकाल लावला होता: ड्रायव्हरने इशाऱ्याची वाट न बघता गाडी मागे घेतली. ड्रायव्हर कोठडीत होता. माझे साहेब म्हणाले, सरळ प्रकरण आहे, उरकून टाका.

मी उरकायला निघाले, तर आमच्या दाराबाहेरच्या बाकावर एक बाई बसलेली. ड्रायव्हरची बायको. ड्रायव्हरला सगळे मामा म्हणत, म्हणून ही आपोआप मामी. रडत नव्हती. पिशवी मांडीवर घट्ट धरून तिने मला एवढंच विचारलं की, तुम्ही त्यांना भेटणार आहात का. मी म्हटलं, गरज नाही. ती म्हणाली, ते एकच वाक्य परत परत बोलतायत, मला अर्थ लागत नाही, तुम्हाला लागला तर बघा. नाहीतर ते आत वर्षानुवर्षं सडतील आणि त्यांना कळणारही नाही कशासाठी.

मग मी गेले. मामा जाळीपलीकडे बसला होता, दाढी वाढलेली, डोळे कुठेतरी भलतीकडे. त्याने ते वाक्य मलाही ऐकवलं.

"बाई, काडीचा हात म्हणत होता ये. आणि काडीची शिट्टी म्हणत होती थांब. एकाच वेळी. असं कसं होईल?"

२

मी त्याला पहिल्यापासून सांगायला लावलं.

गाडी आत आली की पिवळ्या पट्ट्यावर थांबायचं. काडी मागे जाऊन वाट मोकळी आहे का बघणार, आड आलेलं काही असेल तर उचलणार. मग डावीकडे येऊन उभा राहणार, म्हणजे डाव्या आरशात दिसेल असा. दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्याने आपल्याकडे ओढले की गाडी मागे घ्यायची. तोवर ब्रेकवरचा पाय काढायचा नाही. मामाने पाय काढला नव्हता. आरशात नारिंगी जाकीट दिसलं, हात वर गेले, ये ये म्हणाले, तेव्हा कुठे त्याने गाडी हलवली. मागचा भोंगाही वाजत होता. आणि मध्येच एक लांब शिट्टी वाजली. लांब शिट्टी म्हणजे थांब, हे जुने ड्रायव्हर झोपेतही विसरत नाहीत. त्याने ब्रेक मारला, पण गोण्यांनी भरलेली गाडी जागच्या जागी थांबत नाही.

मी विचारलं, आरशात काडीच होता कशावरून? तोंड दिसलं का?

तो म्हणाला, तोंड कोण बघतं? आरशावर एवढी धूळ, ऊन डोळ्यांवर. आम्ही रंग बघतो. नारिंगी जाकीट त्या आवारात एकट्या काडीचं. बाकी सगळ्यांना पिवळं. पिवळ्याने कितीही हात नाचवले तरी गाडी हलवायची नाही, हे तर आम्हाला गेटवर पहिल्याच दिवशी घोकून घेतलं होतं.

नियम चांगला होता, यात वाद नाही. मी आमच्या कचेरीत परतले आणि मामीला सांगितलं की अजून थोडी वाट बघा. असं आम्ही कुणाला सांगत नसतो. तिने मान हलवली आणि परत बाकावर बसली.

मामा खोटं बोलत असता तर त्याने शिट्टीचं नावच काढलं नसतं. ती शिट्टी त्याच्या सगळ्यात विरुद्ध जाणारी गोष्ट होती. म्हणजे तो खरं बोलत होता. आणि तो खरं बोलत असेल तर हात एकाचे होते आणि शिट्टी दुसऱ्याची. त्या आवारात नारिंगी जाकिटातली माणसं दोन होती.

३

बांधकामाच्या गेटवर मला अडवलं. ओळखपत्र दाखवलं, कंपनीचं नाव सांगितलं, तरी गेटवरचा म्हातारा ढिम्म. जाकीट आणि हेल्मेट घातल्याशिवाय आत पाऊल नाही. त्याने खुंटीवरचं एक पिवळं जाकीट मला दिलं आणि माझे पट्टे स्वतः ओढून बसवले, लेकीला शाळेत पाठवताना बसवावेत तसे. त्याला सगळे दादा म्हणत. तो काडीचा सख्खा मोठा भाऊ, हे मला नंतर कळलं. आई लवकर गेली, काडीला यानेच वाढवलं, यानेच इथे चिकटवलं. भाऊ जाऊन आठवडा झाला नव्हता आणि हा खुर्चीत ताठ बसून गाड्यांचे आरसे, भोंगे आणि चाकाखाली लावायचे ठोकळे तपासत होता. घरी बसून काय करू, म्हणाला. घरी काडीची बायको होती आणि तिच्याकडे बघवत नव्हतं.

त्याच्या खोपीत पिवळ्या जाकिटांच्या खुंट्यांची रांग होती. टोकाच्या खुंटीवर एक नारिंगी. ते कुणाचं, मी विचारलं. काडीचंच, दुसरं, पहिलं धुवायला काढलं की घालायला. मी ते हातात घेतलं आणि कुठे ठेवावं ते मला सुचेना. जाकिटाच्या दोन्ही कुशींचे पट्टे अगदी शेवटपर्यंत सैल सोडलेले होते. त्यात काडी दोनदा मावला असता. मी ते परत खुंटीला लावलं.

आत बांधकाम कंपनीचे सुरक्षा अधिकारी भेटले, सगळे त्यांना सेफ्टी साहेब म्हणत. तरुण, सडपातळ, बोलणं अगदी तुपात घोळवलेलं. त्यांनी मला आवार फिरवून दाखवलं. डाव्या भिंतीला नवीकोरी पाटी होती, माणसाहून उंच, तिच्यावर सुरक्षेची वचनं. अपघात झाला त्याच दिवशी निरीक्षकांची वार्षिक तपासणी होती, तिच्यासाठीच ती रंगवलेली. मी विचारलं, मग अपघात तपासणी चालू असतानाच झाला? छे छे, म्हणाले, साहेब त्याआधीच निघून गेले होते. हे त्यांनी जरा जास्तच पटकन सांगितलं.

पाटीसमोर उभं राहून मी मागे वळून पाहिलं. पिवळा पट्टा इथून सरळ रेषेत होता. पट्ट्यावर थांबलेल्या ट्रकच्या डाव्या आरशात ही पाटी आणि तिच्यासमोर उभा असलेला माणूस, दोन्ही बरोब्बर दिसली असती.

४

आता फक्त पोट शोधायचं होतं.

अपघाताच्या वेळी मजूर सगळे वरच्या मजल्यांवर होते. खाली राहणाऱ्यांत दादा काडीसारखाच वाळका. सेफ्टी साहेब शिडशिडीत. उरला स्टोअरकीपर. तो अपघाताच्या वेळी आवारात होता, हे तो स्वतःच कबूल करत होता, आणि त्याचं पोट त्याच्याआधी खोलीत शिरायचं. त्याचं आणि काडीचं जमत नव्हतं, हेही कळलं. काडी गाड्या हळूहळू घ्यायचा आणि माल उतरायला उशीर झाला की बोलणी याला खावी लागायची. माझी खात्रीच झाली. मी त्याच्या कोठारात जाऊन बसले आणि इकडचं तिकडचं बोलत राहिले. माणूस वाईट नव्हता, चिडका होता. काडीशी शेवटचं बोललो ते भांडणच, म्हणाला, आणि नाक पुसलं. मग त्याला वरच्या फळीवरचा खोका हवा होता. फळी काही फार उंच नव्हती, त्याच्या कानापर्यंत असेल. त्याने दारातून जाणाऱ्या मजुराला हाक मारून खोका काढून घेतला. मी विचारलं तर खांदा दाखवला. महिनोन् महिने आखडलेला, केससुद्धा बायको विंचरते.

मामाने सांगितलेले हात डोक्यावर गेले होते.

गेला माझा आरोपी. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं म्हणजे भीती वाटली. कारण आता जे पोट उरत होतं ते मी एकदाच पाहिलं होतं, सरकारी कचेरीत, मोठ्या टेबलामागे. पण तो माणूस आधीच निघून गेला होता म्हणे. आणि निरीक्षकाला नारिंगी जाकीट कोण देईल? पिवळी जाकिटं काय कमी होती?

मी गेटवर परत आले. दादा एका ट्रकचा भोंगा वाजवून बघत होता. त्याचं काम होईपर्यंत थांबले. मग विचारलं, तपासणीच्या दिवशी पिवळी जाकिटं पुरली का हो?

तो हसला. भाऊ गेल्यानंतर बहुधा पहिल्यांदाच. पुरतायत कुठली, म्हणाला. एरवी वरच्या मजल्यांवर निम्मे लोक बिनजाकिटाचे. त्या दिवशी साहेब येणार म्हणून सेफ्टी साहेबांनी सकाळीच खुंट्या रिकाम्या केल्या आणि गेटवरची सगळी जाकिटं वर नेऊन माणसांना घातली. मोजणीत कमी दिसू नये म्हणून.

"मग निरीक्षक साहेब आत कसे गेले?"

"त्यांचं गाडीत विसरलं होतं म्हणे, गाडी लांब लावलेली. मला म्हणाले, जाऊ दे रे. मी म्हटलं, साहेब, तुम्हीच असं केलंत तर आम्ही कुणाला अडवायचं?" दादाने छाती जरा पुढे काढली. "सोडलं नाही मी. जाकिटाशिवाय नाही म्हणजे नाही. खुंटीवर एकच उरलं होतं, तेच त्यांना स्वतःच्या हाताने..."

तो तिथेच थांबला.

५

त्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी लिहिणार नाही. त्याने खोपीत वळून त्या खुंटीकडे पाहिलं. बाहेरचा ट्रकवाला हॉर्न देत होता, तो त्याला ऐकू गेला नाही. मी त्याला खुर्चीत बसवलं. पाणी दिलं, ते त्याने नुसतं धरून ठेवलं.

हळूहळू बाकीचंही निघालं. साहेब आधी गेलेच नव्हते. आवारात ओरडा झाला तेव्हा दादा गेट सोडून धावला, आणि परत आला तेव्हा जाकीट खुंटीवर होतं, साहेब नव्हते. हे आधी का नाही सांगितलंत, मी विचारलं. कोणी विचारलंच नाही, म्हणाला. खरंच होतं ते. गेटवरच्या माणसाला कोण विचारतं?

सेफ्टी साहेबांना गाठायला मला फार कष्ट पडले नाहीत. दादाचं बोलणं सांगितल्यावर त्यांचं तूप थिजलं. निरीक्षकांना पाटीसमोर आपला फोटो हवा होता. सेफ्टी साहेब समोरून मोबाइलवर काढत होते. चेहरा लहान येतोय, जवळ ये, अजून जवळ ये, म्हणून निरीक्षक दोन्ही हात वर करून बोलावत होते. काडी तेव्हा ट्रकमागे वाकून कुणीतरी आड टाकलेला पाइप उचलत होता. फोटो? तो त्यांनी त्याच दिवशी पुसला होता. मला म्हणाले, बाई, हे मी तुम्हाला सांगितलंच नाही असं समजा, माझ्या घरी लहान मूल आहे. मामाच्या घरीही कुणीतरी आहे, असं मी म्हणाले.

म्हणजे कुणी कुणाला मारायला निघालं नव्हतं. प्रत्येकाने नियमच पाळला होता. जाकिटं कमी दिसू नयेत म्हणून वर नेली, जाकिटाशिवाय सोडायचं नाही म्हणून मिळेल ते घातलं, नारिंगी हात दिसला म्हणून गाडी घेतली. एकट्या काडीने नियम मोडला, शिट्टी वाजवली, आणि तेवढीच एक गोष्ट त्या दिवशी शहाणपणाची झाली.

मी निरीक्षकांकडे गेले. त्यांनी चहा मागवला. माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. जाकिटाचे पट्टे सांगितले तेव्हा त्यांनी स्वतःच्या पोटाकडे नजर टाकली आणि मग खिडकीबाहेर. मला वाटलं, हा माणूस आता फुटणार. त्यांनाही ते तोवर पुरतं कळलं नव्हतं, की कळूनही कबूल केलं नव्हतं, देव जाणे.

मग ते सावरले. "पोट काय, सगळ्यांनाच असतं. तुमचा साक्षीदार कोण? तो गेटवरचा म्हातारा? येऊ दे. चौकशी माझ्याकडेच आहे. त्याचा जबाब मीच घेईन."

६

मी दादाकडे गेले नाही. खरंच सांगते, माझी हिंमत झाली नाही. एका माणसाला सोडवायचं तर दुसऱ्याला उभं राहून सांगावं लागणार होतं की माझ्या हाताने माझा भाऊ मेला. आणि घरी भावाची बायको होती. मी मामीला बाकावर बसवून ठेवलं आणि आज सांगते, उद्या सांगते करत राहिले.

दादाच आला. धुतलेला सदरा घालून आला आणि बाकावर मामीच्या शेजारी बसला. दोघं एकमेकांना ओळखत नव्हते. मी बाहेर आले तेव्हा तो तिला विचारत होता की, तुमचं कोण आत आहे. तिने सांगितलं. त्याने मान खाली घातली, मग माझ्याकडे बघून म्हणाला, चला बाई, कुठे सांगायचं ते दाखवा. आमचा गेला तो गेला. यांच्या माणसाला कशाला आत ठेवायचं?

मी त्याला निरीक्षकांच्या वरच्या कचेरीत नेलं, पोलिसांकडे नेलं, माझ्या साहेबांपर्यंत नेलं. माझ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. ते काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. वरच्या कचेरीने सगळं ऐकलं आणि योग्य त्या अधिकाऱ्याकडे पाठवलं. योग्य तो अधिकारी निरीक्षकच होता. सेफ्टी साहेबांना काही आठवत नव्हतं. स्टोअरकीपर बिचारा खरं बोलला, पण तो कोठारात होता, त्याने काहीच पाहिलं नव्हतं.

अंतिम अहवालात निरीक्षकांनी दादाचा जबाब मान्य केला, हीच त्यातली मेख. गेटवरच्या कर्मचाऱ्याने राखीव नारिंगी जाकीट अनधिकृत व्यक्तीस दिल्याचं कबूल केलं. व्यक्ती अज्ञात. ड्रायव्हरने इशारा देणाऱ्याची ओळख पटवली नाही. दोघेही जबाबदार. मला एक माणूस बाहेर काढायचा होता. मी दुसरा आत घातला.

मामाला शिक्षा झाली त्यानंतर मी त्याला भेटायला गेले. मामी आली होती, आणि तिच्यासोबत काडीची बायको, दादासाठी. दोघी एकाच बसने आल्या होत्या, पण एकमेकींशी बोलत नव्हत्या. दादा जाळीपलीकडे आला तेव्हा भावजय त्याच्याकडे बघेना; तरी डबा तिने आणला होता. मी मामाला त्याच्या वाक्याचा अर्थ सांगितला. हात एका साहेबाचे होते, फोटोसाठी बोलावत होते. शिट्टी काडीची होती.

त्याने परत विचारलं, म्हणजे काडीने मला ये म्हटलंच नव्हतं? मी म्हटलं, नाही. तो थांबच म्हणत होता. मामा रडायला लागला. बरोबर ऐकलं होतं मग मी, असं काहीतरी म्हणाला. मी त्याच्यासाठी यापलीकडे काहीही करू शकले नाही आणि ते त्याने मला एका शब्दानेही बोलून दाखवलं नाही.

मध्ये दुसऱ्या एका प्रकरणासाठी मला त्याच बांधकामावर जावं लागलं. इमारत बरीच वर चढली होती. गेटवर नवा माणूस होता. नारिंगी जाकीट खोपीत नव्हतं. आता ते सेफ्टी साहेबांच्या कपाटात कुलपात असतं, असं त्याने सांगितलं. मला जाकीट दिलं आणि घाला म्हणाला.

मी घालत होते तेवढ्यात मागून पांढरी गाडी आली. नव्या माणसाने धावत जाऊन दांडी वर केली आणि सलाम ठोकला. निरीक्षक साहेब उतरले, पांढऱ्या सदऱ्यावर, बिनजाकिटाचे, आणि सरळ आत गेले. आवारात एका ट्रकचा भोंगा वाजत होता.

मी नव्या माणसाला विचारलं, त्यांना जाकीट नको का?

"साहेब आहेत ते बाई," तो म्हणाला. "त्यांना कोण अडवणार?"

पूर्वी एक होता अडवणारा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मागे गाड्या खोळंबल्या होत्या. मी माझे पट्टे ओढून बसवले आणि आत गेले.